लाकडावर चालणारी मोटार आणि इंधनाचा जमाखर्च

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्यापैकीच काहींनी माझ्यापुढे ठेवला आहे. हीरक महोत्सवाची आठवण म्हणून शाळेच्या विज्ञान मंडळाने एक जुनी मोटार घ्यावी, तिच्या मागे लाकडाचा वायू तयार करणारी भट्टी बसवावी आणि ती मोटार विद्यार्थ्यांकडून चालती करून घ्यावी, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी केली. सूचनेबरोबर देणगीचे आश्वासनही आले. इंजिनांच्या व्यवसायात माझी तीसेक वर्षे गेली असल्यामुळे त्यावर मत देण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. ते मत येथे उघडपणे मांडावे, असे मी ठरवले. कारण सूचनेच्या मुळाशी असलेला प्रश्न आपणा सर्वांच्या घरात आहे. आपल्याकडे नवी गाडी दारात आली की शेजारी तिचा रंग पाहण्याआधी विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि कुणी लाकडावर, कुणी पाण्यावर, कुणी वनस्पतींच्या रसावर गाडी चालवून दाखवतो म्हटले, की आपण कान टवकारतो.

लाकडावर मोटार चालते, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगतो. तीत भोंदूगिरी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात अशा लाखो मोटारी रस्त्यावर होत्या. युद्ध संपता संपता एकट्या जर्मनीत त्यांची संख्या सुमारे पाच लाखांपर्यंत गेली होती. स्वीडन युद्धात तटस्थ होता, पण सागरी वाहतूक तुटल्यामुळे त्याचे पेट्रोल बंद झाले. तेथे पाहता पाहता ७० हजारांहून अधिक वाहने लाकूड व लोणारी कोळसा यांच्या वायूवर धावू लागली. डेन्मार्कमध्ये शेतीची यंत्रे आणि मासेमारीच्या होड्याही या वायूवर चालत. त्या काळच्या छायाचित्रांत डौलदार मोटारीच्या पाठीमागे पाण्याच्या बंबासारखे भले मोठे नळकांडे जोडलेले दिसते आणि टपावर लाकडाच्या ढलप्यांची पोती रचलेली असतात. आपल्याकडेही युद्धकाळात पेट्रोल रेशनवर आले, तेव्हा प्रवासी गाड्यांच्या मागे कोळशाच्या टाक्या लागल्या. सकाळी गाडी सुटण्यापूर्वी क्लीनर हाताने पंखा फिरवून विस्तव फुलवीत असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ‘कोळशाची मोटार’ हा शब्द चांगला परिचयाचा होता.

यामागचे विज्ञान या शाळेत शिकलेल्यांना नवे वाटू नये. आपल्या प्रयोगशाळेत लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनाचा प्रयोग होत असे. कठीण काचेच्या परीक्षानळीत लाकडाचे तुकडे घालून, हवा न मिळू देता त्यांना बाहेरून तापवायचे. नळीतून निघणाऱ्या धुराला काडी लावली की तो पेटे. मधल्या थंड नळीत काळपट चिकट डांबर साचे. आणि शेवटी परीक्षानळीत कोळसा उरे. वायू, डांबर आणि कोळसा या तीन वस्तूंचा संसार नीट लावणे, एवढेच लाकूडवायूच्या भट्टीचे काम आहे. आणि ते दिसते त्याहून पुष्कळ कठीण आहे.

भट्टीत लाकूड पुरते जळू दिले तर राख आणि गरम धूर यांखेरीज हाती काही लागत नाही. म्हणून हवा मोजून मापून, गरजेच्या साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतकीच देतात. थोडे लाकूड जळते आणि त्या उष्णतेवर उरलेल्याचे विघटन होते. जळून झालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ लालबुंद कोळशाच्या थरातून गेली, की कोळसा त्यांच्यातला ऑक्सिजन हिरावून घेतो. मागे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन उरतात. हे दोन्ही ज्वलनशील आहेत. या वायूत दोहोंचे प्रमाण प्रत्येकी सुमारे एकपंचमांश असते, थोडा मिथेन असतो, आणि जवळजवळ निम्मा भाग नायट्रोजनचा असतो. हा नायट्रोजन हवेबरोबर आलेला बिनकामाचा पाहुणा. तो जळत नाही, जागा मात्र अडवतो.

खरी अडचण डांबराची. साध्या भट्टीत वायू वर चढताना ओल्या, कोवळ्या लाकडातून जातो आणि सगळे डांबर बरोबर घेऊन येतो. हा वायू चुलीला चालेल; इंजिनात मात्र तो झडपा चिकटवून टाकतो. आल्सास प्रांतातील जॉर्ज इंबेर या संशोधकाने १९२० च्या दशकात ही दिशाच उलटी केली. त्याने वायू खाली ओढून घेतला आणि वाटेत भट्टीचा गळा आवळून अरुंद केला. गळ्याजवळचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या धगीतून जाताना डांबराचे मोठे रेणू मोडून पडतात. युद्धकाळातील लाकडाच्या मोटारी मुख्यतः या रचनेवर चालल्या. मला विचाराल तर त्या सबंध तंत्रातील खरी बुद्धी या आवळलेल्या गळ्यात आहे. बाकीचे काम पत्रेकाम आणि गाळण्यांचे.

आता ॲव्हरेजकडे वळू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे १५. भट्टी चांगली असेल तर लाकडातील ऊर्जेचा सत्तर-पंचाहत्तर टक्के भाग वायूत उतरतो, म्हणजे किलोमागे ११ मेगाजूल हाती येतात. याचा अर्थ असा, की एक लिटर पेट्रोलची जागा घेण्यास जवळपास तीन किलो लाकूड लागते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी लाकडावर किलोला पाच किलोमीटर धावेल. शंभर किलोमीटरच्या प्रवासाला वीस किलो ढलप्या बरोबर हव्यात.

पैशांत मांडले तर हे आकर्षक दिसते. लाकूड किलोला आठ रुपये आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू. शंभरांचे काम चोवीस रुपयांत होते. सूचना करणाऱ्या मित्रांनी नेमका हाच हिशेब मांडला होता, आणि तो चुकीचा नाही. तो अपुरा आहे. आठ रुपयांचे लाकूड वखारीतून येते ते ओंडक्यांच्या रूपात आणि ओले. भट्टीला लागतात मुठीएवढे किंवा त्याहून लहान, सारख्या आकाराचे तुकडे. त्यांत ओलावा वीस टक्क्यांच्या आत असावा लागतो. ओलावा वाढला की भट्टीची धग वाफ करण्यातच खर्च होते, गळ्याजवळचे तापमान उतरते आणि डांबर जसेच्या तसे इंजिनात जाते. म्हणजे तोडणे, चिरणे, वाळवणे, साठवणे आले. गाडी सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे भट्टी पेटवून वायू स्थिर होण्याची वाट पाहणे आले. राख काढणे, गाळण्या धुणे, निवळलेले काळे पाणी कुठेतरी टाकणे आले. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपण उगाच करीत नाही.

इंजिनाची ताकदही घटते. पेट्रोल आणि हवेच्या योग्य मिश्रणाच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३८०० किलोजूल असतात. लाकूडवायू आणि हवेच्या मिश्रणात सुमारे २५००. सिलिंडरचे आकारमान तेच राहते, त्यामुळे प्रत्येक ठिणगीला मिळणारी ऊर्जा एकतृतीयांशाने कमी होते. प्रत्यक्षात ही घट निम्म्यापर्यंतही जाते. सपाट रस्त्यावर गाडी चालेल. घाट आला की प्रवाशांना उतरून चालावे लागेल, आणि युद्धकाळात ते खरोखर घडत असे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची आहे, आणि पालकांनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी. या वायूचा एकपंचमांश भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक घट्ट पकडते. गाडी चालू असताना इंजिन वायू ओढत असते, त्यामुळे बारीक फट असली तर बाहेरची हवा आत जाते. धोका संभवतो तो इंजिन बंद केल्यावर. भट्टीत विस्तव असतो, वायू बनत राहतो आणि ओढणारे कोणी नसते. लाकूड भरण्यासाठी झाकण उघडले की तो तोंडावर येतो. बंद गॅरेजमध्ये अशी गाडी उभी करणे म्हणजे विषाच्या टाकीशेजारी बिछाना घालणे. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे ही पहिली लक्षणे इतकी सामान्य असतात, की माणूस त्यांचा दोष उन्हाला देतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती हे देण्यास माझा ठाम विरोध आहे. शिवाय नोंदणी झालेल्या वाहनाच्या इंधनात असा बदल परवानगीवाचून करणे कायद्याला मान्य नाही, ही बाबही संस्थेने लक्षात घ्यावी.

समजा, हे सारे सांभाळले. तरी लाकूड कुठून येणार? वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला आठशे लिटर पेट्रोल लागते, म्हणजे चोवीसशे किलो वाळके लाकूड. पावसावर वाढवलेल्या सर्वसाधारण इंधनवनातून हेक्टरी वर्षाला पाच टन वाळके लाकूड मिळाले, तर एकरी दोन टन पडतात. थोडक्यात, एका गाडीला एक एकराहून थोडी अधिक जमीन, तीही कायमची. या सभागृहाबाहेर आज शे-दीडशे गाड्या उभ्या आहेत. तेवढ्यांना पोसायला दीडशे एकरांहून अधिक वन हवे. लोणारी कोळसा वापरला तर हिशेब आणखी बिघडतो. कोळशात डांबर नसल्यामुळे तो इंजिनाला सोयीचा, पण लाकडाचा कोळसा करतानाच निम्म्याहून अधिक ऊर्जा धुरावाटे निघून जाते. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले, आणि युरोपातील लोकांनी या भट्ट्या थोड्याच वर्षांत काढून टाकल्या. कोणी बंदी घातली नव्हती. ज्यांनी त्या रोज पेटवल्या आणि रोज साफ केल्या, त्यांचेच हे मत होते.

लाकूडवायूच्या पाठीशी निदान निसर्गनियम उभे आहेत. ॲव्हरेज वाढवण्याच्या इतर पुष्कळ उपायांबाबत तेवढेही म्हणता येत नाही. गाडीच्याच विजेवर पाण्याचे पृथक्करण करून निघणारा वायू इंजिनात सोडणारे उपकरण बाजारात मिळते, आणि आपल्यापैकी काहींनी ते बसवल्याचे मला ठाऊक आहे. पेट्रोलमधील शंभर भाग ऊर्जेपैकी सुमारे पंचवीस भाग इंजिनाच्या दांड्यावर येतात. तेथून वीज करताना पंधरा उरतात; पाण्यापासून वायू करताना नऊ-दहा. तो वायू पुन्हा इंजिनात जाळला की अडीच परत मिळतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिळ्ळै यांनी वनस्पतींपासून पेट्रोल तयार केल्याचा दावा केला, तेव्हा सुशिक्षितांसह सारा देश काही काळ भारावला होता. त्या प्रकरणाचा शेवट २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयात तीन वर्षांच्या शिक्षेने झाला. त्या वीस वर्षांत एखाद्या शाळकरी मुलानेही विचारावा असा प्रश्न एकच होता: भांड्यात घातलेल्या पाल्याचे वजन किती आणि बाहेर आलेल्या तेलाचे किती?

इथेनॉलची गोष्ट निराळी. ते खरे इंधन आहे, पण त्याच्या लिटरात पेट्रोलच्या दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. तेवढे ॲव्हरेज जुन्या गाड्यांत घटावे, हे अंकगणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी घटीचा हाच अंदाज दिलेला आहे. इथेनॉलच्या बाजूने परकीय चलनाचा आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा मुद्दा मांडता येतो व तो वजनदारही आहे. मात्र ॲव्हरेज वाढते असे कुणी सांगितले तर ऐकू नये. ज्याला खरोखर ॲव्हरेज हवे, त्याने टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी, महामार्गावर नव्वदऐवजी सत्तरने जावे आणि क्लचवरचा पाय काढावा. हे उपाय फुकट असल्यामुळे त्यांची जाहिरात होत नाही.

मग लाकूडवायू टाकाऊ का? मुळीच नाही. त्याची जागा मोटारीच्या पाठीवर नाही, एवढेच. भट्टी एका जागी उभी राहिली, की तिचे वजन आडवे येत नाही, लांबलचक गाळण्या बसवता येतात, वायू नीट थंड करता येतो आणि इंधन शेजारीच वाळवता येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात याच दिशेने काम केले. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला लाकूडवायूची भट्टी जोडून दिवे लावले गेले, पुढे पिण्याचे पाणी उपसले गेले आणि पिठाची गिरणीही चालली. इंधनासाठी गावाशेजारी झाडे लावली होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसल्यामुळे पेट घेण्यापुरते थोडे डिझेल लागतेच. तरी अशा जोडइंधन पद्धतीत डिझेलचा सत्तर-ऐंशी टक्के खर्च वाचू शकतो. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनातील गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचे असे वीजकेंद्र सुरू झाले. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात २००७ पासून भाताच्या तुसावर छोटी वीजघरे उभी राहिली. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर काम केले. पाचट हलके, फुगीर. भट्टीत सारखे सरकत नाही आणि त्याच्या राखेतील सिलिकामुळे खडे बनतात. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसते. भट्टीपाशी उभे राहिल्यावरच कळते.

अपयशेही झाली. त्याच दशकात शेतीपंपांना लाकूडवायूच्या भट्ट्या जोडण्यासाठी मोठे सरकारी अनुदान होते. अनेकांनी अनुदानातले इंजिन घेतले आणि भट्टी गोठ्यामागे गंजत टाकली. लाकूड कोण चिरणार आणि गाळणी कोण धुणार, हे आधी ठरले नव्हते. माझ्या अनुभवात यंत्र बिघडून बंद पडलेल्या भट्ट्या थोड्या; माणूस न मिळाल्यामुळे बंद पडलेल्या अधिक.

म्हणून माझे मत असे, की विज्ञान मंडळाने मोटार घेऊ नये. देणगीदार मित्रांना मी निराळी विनंती करतो. शाळेच्या आवारात कडुनिंब, शिरीष, गुलमोहर अशी पुष्कळ झाडे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांची छाटणी होते आणि फांद्या ट्रॉलीत भरून बाहेर जातात. बागेचा पंप रोज तासभर पाच अश्वशक्तीच्या इंजिनावर चालवायचा, तर तासाला चार-पाच किलो वाळके लाकूड लागेल. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सव्वा ते दीड टन. आपल्या झाडांपासून तेवढे लाकूड मिळते का, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते कधी तोललेले नाही. तेव्हा भट्टी, इंजिन आणि चारही बाजूंनी उघडी शेड यांचा विचार पुढच्या वर्षी करू. या वर्षी आठवी-नववीच्या मुलांना एक काटा आणि एक वही द्यावी. आवारातील प्रत्येक फांदी तोलावी, उन्हात महिनाभर वाळवून पुन्हा तोलावी, दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. काट्याचा खर्च मी देतो. छाटणी मे महिन्यात आहे; वही त्याआधी माळीदादांच्या खोलीत टांगलेली असावी.